स्पॅनिश भाषकांना इंग्रजी व्याकरण शिकवताना: मराठी भाषक शिक्षकांसाठी पायऱ्या

"हॅलो. इज सिक. टुडे नो गो."

माझ्या वर्गात एल साल्वादोरहून आलेली एक आई आहे. मुलाला ताप आला म्हणून तिनं सकाळी शाळेत फोन केला आणि एवढंच बोलली. पलीकडून विचारलं, "हू इज सिक?" ती गोंधळली. आपण सांगितलं की, असं तिला वाटत होतं. तिच्या डोक्यातलं स्पॅनिश वाक्य होतं, "एस्ता एन्फेर्मो. ओय नो बा." त्यातल्या ‘एन्फेर्मो’च्या शेवटच्या ‘ओ’वरून मुलगा आजारी आहे हे कळतं, मुलगी असती तर ‘एन्फेर्मा’ झालं असतं. कर्ता वेगळा सांगायची गरजच नाही. आपणही हेच करतो. "आजारी पडलाय, आज येणार नाही." ‘पडलाय’मध्ये मुलगा आला. संध्याकाळी तिनं वर्गात हा प्रसंग सांगितला, तेव्हा तिचं कुठे अडलं ते मला मराठीमुळे लगेच दिसलं.

अमेरिकेतल्या एका लहान शहरात, वाचनालयाच्या खोलीत, आठवड्यातून दोन संध्याकाळी मी प्रौढांना इंग्रजी शिकवते. मेक्सिको, ग्वातेमाला, होंडुरास, पेरू, डॉमिनिकन रिपब्लिक इथून आलेली ही माणसं दिवसभर हॉटेलांच्या स्वयंपाकघरात, बांधकामावर, साफसफाईच्या कामावर राबून येतात. अशी शिकवणी करणारे मराठी लोक मला बरेच भेटतात. कुणी ऑनलाइन शिकवतं, कुणी ऑफिसातल्या सहकाऱ्याला मदत करतं, कुणी शेजारणीला. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. स्पॅनिश माणसाची इंग्रजीतली चूक सहसा हवेतून येत नाही. तिच्या खाली एक अगदी बरोबर असलेलं स्पॅनिश वाक्य असतं. ते वाक्य दिसलं की अर्धं काम झालं, आणि ते दिसायला मराठी फार उपयोगी पडते.

सुरुवातीची तयारी

स्पॅनिश शिकून मगच शिकवायला बसायची गरज नाही. चार गोष्टी माहीत हव्यात. क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं: मी बोलतो ‘आब्लो’, तू बोलतोस ‘आब्लास’, तो किंवा ती ‘आब्ला’, आम्ही ‘आब्लामोस’, ते ‘आब्लान’. नामांना दोनच लिंगं, आपल्यासारखं नपुंसकलिंग नाही. विशेषण बहुतेक वेळा नामानंतर येतं आणि लिंग-वचनाप्रमाणे बदलतं. स्वर पाचच, आ, ए, इ, ओ, उ, आणि त्यांत ऱ्हस्व-दीर्घ असा भेद नाही. ‘शिप’ आणि ‘शीप’ त्यांना एकसारखे का ऐकू येतात ते यावरून कळेल.

लॅटिन अमेरिकेतल्या १८ देशांचा कारभार स्पॅनिशमध्ये चालतो, पण तिथून आलेल्या प्रत्येकाची घरची भाषा स्पॅनिशच असेल असं धरून चालू नका. ग्वातेमालाहून आलेल्या काहींची आईची भाषा किचे किंवा माम यांसारखी माया लोकांची भाषा असते, आणि स्पॅनिश त्यांनी शाळेत किंवा बाजारात उचललेली असते. पहिल्या दिवशी हे विचारावं. विचारलं की माणूस खुलतो.

बर्फ फोडायला माझ्याकडे एक खेळ आहे. पोर्तुगीजांमुळे मराठीत आलेले शब्द फळ्यावर लिहायचे आणि स्पॅनिश जोडी त्यांना शोधायला लावायची. बटाटा आणि ‘पाताता’, साबण आणि ‘हाबोन’, चावी आणि ‘यावे’, पाव आणि ‘पान’. ‘पगार’ लिहिला की हशा होतो, कारण ‘पागार’ म्हणजे स्पॅनिशमध्येही पैसे देणं. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, म्हणून हे जमतं.

मग एक वही करा. पानावर चार रकाने: विद्यार्थी इंग्रजीत काय बोलला, त्याच्या मनातलं स्पॅनिश वाक्य काय होतं, बरोबर इंग्रजी काय, आणि आपण मराठीत काय म्हणू. दुसरा रकाना त्यालाच भरायला सांगा. महिनाभरात कोणतं पुस्तक आणायचं ते वहीच सांगते.

पायरी १: वाक्याला कर्ता लागतोच

क्रियापदाच्या शेपटीवरून कर्ता कळतो म्हणून स्पॅनिशमध्ये तो गाळतात. "काल गेलो होतो" म्हणताना आपण ‘मी’ कुठे म्हणतो? इंग्रजी क्रियापदाला मात्र शेपूट उरलेली नाही. ‘गो’वरून कोण जातंय ते कळत नाही, म्हणून कर्ता बाहेर येऊन उभा राहतो. हे कारण विद्यार्थ्यांना नक्की सांगा. प्रौढ माणसाला नुसता नियम दिला तर तो विसरतो, कारण कळलं तर पटतं.

माणसांचा कर्ता दोन-तीन आठवड्यांत बसतो. खरी अडचण ‘इट’ची. पाऊस पडतोय याला स्पॅनिशमध्ये "एस्ता योव्येंदो" पुरतं, म्हणून "इज रेनिंग" येतं. महत्त्वाचं आहे, उशीर झालाय, लांब आहे: "इज इम्पॉर्टंट", "इज लेट", "इज फार". या ‘इट’ला काही अर्थ नाही, तो फक्त कर्त्याची रिकामी खुर्ची अडवून बसतो. मी खरंच एक खुर्ची वर्गासमोर ठेवते. वाक्य बोलायच्या आधी कोणीतरी तिच्यावर बसायचं, आय, यू, ही, शी, आणि कोणीच नसेल तर ‘इट’ लिहिलेला कागद. मोठी माणसं हे करायला लाजत नाहीत, उलट दिवसभराच्या कामानंतर त्यांना हलायला आवडतं.

याच पायरीवर ‘देअर इज, देअर आर’ घ्या. स्पॅनिशमध्ये ‘आय’ हा एकच शब्द एकवचन-अनेकवचन दोन्हींना चालतो: "आय उना सिया", एक खुर्ची आहे, "आय दोस सियास", दोन खुर्च्या आहेत. त्यामुळे "हॅव टू चेअर्स इन द रूम" किंवा "देअर इज टू चेअर्स" ऐकू येतं. खोलीतल्या वस्तू मोजायला लावा, दहा मिनिटं रोज.

पायरी २: ‘आहे’ की ‘माझ्याकडे आहे’

भूक, थंडी, भीती, झोप, घाई, वय. स्पॅनिश माणसाकडे हे सगळं ‘असतं’, वस्तू असावी तसं. "तेंगो आंब्रे" म्हणजे शब्दशः ‘माझ्याकडे भूक आहे’. "तेंगो त्रेइंता आन्योस", ‘माझ्याकडे तीस वर्षं आहेत’. म्हणून "आय हॅव हंगर", "आय हॅव थर्टी इयर्स". आपल्याला भूक लागते, थंडी वाजते, भीती वाटते, प्रत्येकीचं क्रियापद निराळं. इंग्रजीत मात्र माणूस स्वतःच भुकेला, थंड, घाबरलेला ‘असतो’: "आय ॲम हंग्री", "आय ॲम कोल्ड", "आय ॲम थर्टी". दवाखान्याच्या खिडकीवर वय विचारतात तेव्हा हे तोंडात तयार हवं.

हवेचंही तसंच. "आसे फ्रियो" म्हणजे ‘थंडी करते’, म्हणून "इट मेक्स कोल्ड". इथे "इट इज कोल्ड" आणि आधीच्या वाक्यात "आय ॲम कोल्ड". दोन्ही शेजारी लिहून पाठ करून घ्या.

स्पॅनिशमध्ये ‘असणे’साठी ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदं आहेत, एक कायमच्या ओळखीसाठी, दुसरं स्थिती आणि जागेसाठी. इंग्रजीत दोन्हींची जागा ‘बी’ एकटं भरतं. इथे विद्यार्थ्यांचं ओझं कमी होतं, हे मुद्दाम सांगा. सोपं काय आहे तेही ऐकायला मिळालं पाहिजे.

पायरी ३: ‘डू’

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मी सहा आठवडे देते.

स्पॅनिशमध्ये प्रश्न विचारायला फक्त सूर बदलतो. "आब्लास इंग्लेस" खाली आणलं तर विधान, वर नेलं तर प्रश्न. त्यामुळे "यू स्पीक इंग्लिश?" येतं आणि रोजच्या बोलण्यात ते चालूनही जातं. नकारासाठी क्रियापदाआधी ‘नो’ लावलं की झालं, म्हणून "आय नो स्पीक". समोरच्याला कळतं, पण नोकरीच्या मुलाखतीत माणसाचं वजन कमी होतं. म्हणून हे सुधारायचं.

‘डू’ कशाला, हे समजावण्यासाठी मला एक वाट सापडली आहे. स्पॅनिश लिहिताना प्रश्नाच्या सुरुवातीला उलटं प्रश्नचिन्ह घालतात. १७५४ साली स्पॅनिश अकादमीनं शुद्धलेखनाच्या नियमांत ते आणलं, कारण लांब वाक्य वाचताना प्रश्न कुठे सुरू झाला ते वाचणाऱ्याला आधी कळावं. मी सांगते, इंग्रजीतला ‘डू’ म्हणजे तोंडानं बोललेलं उलटं प्रश्नचिन्ह. "डू यू स्पीक इंग्लिश?" फळ्यावर लिहून ‘डू’च्या डोक्यावर ते चिन्ह काढायचं. मराठीत आपण ‘का’ शेवटी लावतो, "इंग्रजी बोलता का?", इंग्रजीनं ते पुढे लावलं इतकंच. हे चित्र विद्यार्थ्यांना लगेच घरचं वाटतं, कारण ते चिन्ह त्यांचं स्वतःचं आहे. ‘बी’ आणि ‘कॅन’ असलेल्या वाक्यांना मात्र ‘डू’ लागत नाही, ते स्वतःच पुढे जातात.

पुढचा टप्पा ‘डझ’. "ही वर्क्स"चा प्रश्न करताना "डझ ही वर्क्स?" होतं. मी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ‘स’ लिहून तो ‘वर्क’च्या मागे चिकटवते. प्रश्न करताना तोच तुकडा काढून ‘डू’ला लावायचा. वाक्यात तुकडा एकच आहे, एका वेळी एकाच जागी चिकटणार. ‘डिड’लाही हेच. भूतकाळ ‘डिड’नं उचलला की क्रियापद मूळ रूपात परत येतं, म्हणून "डिड यू गो", "डिड यू वेंट" नाही. ही चूक आपल्याकडेही सर्रास होते, तेव्हा शिकवताना स्वतःच्या बोलण्याकडे लक्ष असू द्या.

दुहेरी नकार शेवटी घ्या. "नो तेंगो नादा" हे शुद्ध स्पॅनिश आहे, शब्दशः ‘माझ्याकडे काहीनाही नाही’. त्यातून "आय डोंट हॅव नथिंग" येतं. त्यांच्याकडे नकार दोन जागी बसून एकच अर्थ देतो, प्रमाण इंग्रजीत वाक्याला एकच नकार. गंमत अशी की ‘कोणी नाही’ हा शब्द वाक्याच्या आरंभी आला तर स्पॅनिशलाही एकच पुरतो: "नादिये बीनो", कोणी आलं नाही. हे वाक्य धरून सांगा, की तुम्हालाही हे येतं, इंग्रजीत ते सगळीकडे करायचं.

पायरी ४: मला आंबा आवडतो

मला शिकवायला सगळ्यात आनंद होतो तो हा धडा.

इंग्रजीत "आय लाइक मँगो". माणूस कर्ता, आंबा कर्म. स्पॅनिशमध्ये "मे गुस्ता एल मांगो", आणि आंबे असतील तर "मे गुस्तान लोस मांगोस". आता मराठी बघा: मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. ‘मे’ म्हणजे ‘मला’. क्रियापद आंब्याच्या मागे चालतं, माझ्या नाही. रचना हुबेहूब तीच. शाळेत इंग्रजीच्या तासाला ‘आय लाइक’ आपण पाठ केलं, पण त्यासाठी वाक्य आतून उलटं करावं लागतं हे आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून एखादी विद्यार्थिनी "मी लाइक द मँगो" किंवा "द मँगो लाइक मी" म्हणाली की तिनं काय केलंय ते मराठी माणसाला दुसऱ्या कुणापेक्षा लवकर कळेल.

मी वर्गात आंबे नेते. मेक्सिकोतला आताउल्फो जातीचा पिवळा, सडपातळ आंबा इथल्या दुकानात मिळतो. फोडी मधे ठेवायच्या आणि प्रत्येकानं सांगायचं: आवडतो, आवडत नाही, नवऱ्याला आवडतो, मुलींना आवडत नाहीत. "माय हजबंड लाइक्स मँगोज." "माय डॉटर्स डोंट लाइक मँगोज." मागच्या पायरीवरचा ‘स’ आणि ‘डू’ दोन्ही आपोआप घोटले जातात.

याच कुळातली आणखी क्रियापदं आहेत. "मे पारेसे", मला वाटतं, इंग्रजीत "आय थिंक". "मे फाल्ता दिनेरो", मला पैसे कमी पडतात, "आय नीड मनी". आणि दुखण्याचं: "मे दुएले ला काबेसा", शब्दशः ‘मला डोकं दुखतं’. त्यातून "इट हर्ट्स मी द हेड" होतं. इथे मराठी इंग्रजीच्या बाजूला आहे, "माझं डोकं दुखतंय", "माय हेड हर्ट्स". शरीराचे अवयव घेऊन पूर्ण तास करा. नर्ससमोर दुभाषा नसताना हे एवढं येणं फार मोलाचं असतं.

नियम एका ओळीत फळ्यावर राहू द्या: आवडणं, वाटणं, हवं असणं, यांत इंग्रजीत माणूस पहिला.

पायरी ५: ‘स’ आणि ‘एड’, जिभेच्या वाटेनं

"शी वर्क" ही चूक वर्षानुवर्षं राहते. ते अज्ञान नव्हे. विचारलं तर नियम घडाघडा सांगतात. क्युबा, डॉमिनिकन रिपब्लिक, पुएर्तो रिको इथल्या स्पॅनिशमध्ये शब्दाच्या शेवटचा ‘स’ बोलताना विरून जातो, "लोस आमिगोस"चं "लोह आमिगो" होतं. शिवाय ‘वर्क्स’ सारखी जोडाक्षरं शेवटी येणं स्पॅनिशला सवयीचं नाही. म्हणून हा धडा कानाचा आणि जिभेचा. पुढचा शब्द स्वरानं सुरू होईल अशी वाक्यं द्या, "शी वर्क्स इन अ किचन", म्हणजे ‘स’ पुढच्या स्वराला टेकतो आणि सुटत नाही.

भूतकाळात उलट होतं, नको तिथे अक्षर वाढतं: "वर्केद", "क्लीनेद". लिहिल्याप्रमाणे वाचायची सवय, कारण स्पॅनिश जवळपास तशीच वाचली जाते. सांगायचं एवढंच: मूळ क्रियापद ‘ट’ किंवा ‘ड’नं संपत असेल तरच वेगळं अक्षर, वाँटिड, नीडिड. बाकी सगळीकडे ते मागच्या आवाजात मिसळतं, वर्क्ट, क्लीन्ड.

‘स्कूल’चं ‘एस्कूल’ होतं तेही इथेच आटोपून घ्या. ‘स’ला व्यंजन जोडून स्पॅनिश शब्द सुरूच होत नाही, त्यांच्याकडे शाळा ‘एस्कुएला’. आधी लांब ‘स्स्स’ करायचा, मग पुढचं. हिंदी पट्ट्यातला ‘इस्कूल’ ऐकलेला असेल तर नवल वाटणार नाही.

पायरी ६: ‘द’ कुठे काढायचा, ‘अ’ कुठे घालायचा

इथे आपण आणि ते परस्परविरुद्ध दिशांना चुकतो. मराठीत आर्टिकल नाही, म्हणून आपल्याकडून ‘द’ गळतो. स्पॅनिशमध्ये ते भरपूर, म्हणून त्यांच्याकडून जास्तीचा ‘द’ पडतो. शिकवणाऱ्यानं हे ओळखून तयारी करावी, नाहीतर आपण त्यांची बरोबर वाक्यंही बिघडवू.

"ला बीदा एस बेया", जीवन सुंदर आहे. सर्वसाधारण गोष्टीलाही त्यांच्याकडे ‘ला’ लागतो, म्हणून "द लाइफ इज ब्यूटिफुल", "आय लाइक द कॉफी". पहिला नियम: सगळी कॉफी, सगळं जीवन, सगळी माणसं म्हणायचं असेल तर ‘द’ काढा. वारांचंही तसंच, "द मंडे आय वर्क" नव्हे, "ऑन मंडे". माणसाच्या नावाआधीच्या ‘मिस्टर’लाही ‘द’ नाही.

दुसरा नियम व्यवसायाचा. "सोय प्रोफेसोरा", मी शिक्षिका आहे, यात त्यांच्याकडेही आर्टिकल नाही, म्हणून "आय ॲम टीचर". इंग्रजीत मोजता येणारी एक गोष्ट कधी उघडी हिंडत नाही: "आय ॲम अ कुक", "आय ॲम अ पेंटर". वर्गात प्रत्येकानं आपलं काम सांगायचं, मग शेजाऱ्याचं.

तिसरा, शरीराचा. "मे लाबो लास मानोस" यातून "आय वॉश द हँड्स" येतं. इंग्रजीत हात कुणाचे ते सांगावं लागतं, "माय हँड्स". हॉटेलच्या स्वयंपाकघरात हात धुण्याची पाटी लावलेली असते, तीच वाचायला आणायला सांगा.

नामाभोवतीच्या गोष्टी

विशेषणं पुढे आणायची आणि त्यांना अनेकवचन लावायचं नाही, "कासास ब्लांकास"चं "व्हाइट हाउसेस", "व्हाइट्स" नाही. हे लवकर जमतं. लोकांचा शब्द ‘खेंते’ स्पॅनिशमध्ये एकवचनी आहे, म्हणून "पीपल इज" येतं. आपण ‘लोक आहेत’ म्हणतो तसं "पीपल आर".

दोन नामं जोडणं मात्र अवघड जातं. "सोपा दे पोयो" म्हणजे ‘सूप कोंबडीचं’. इंग्रजीत "चिकन सूप", मुख्य वस्तू शेवटी. मराठीत ‘कोंबडीचं सूप’, ‘माझ्या भावाचं घर’, आपला क्रम इंग्रजीसारखाच. त्यांना "द हाउस ऑफ माय ब्रदर"वरून "माय ब्रदर्स हाउस"वर यायला वेळ लागतो. स्वयंपाकघरात काम करणाऱ्यांना मी फडताळावरच्या चिठ्ठ्या लिहून आणायला सांगते: ऑरेंज ज्यूस, टोमॅटो सॉस, पेपर टॉवेल. शेवटून वाचायचं, शेवटचा शब्द म्हणजे वस्तू.

आणि ‘सू’. त्याचा, तिचा, त्यांचा, तुमचा, या सगळ्यांना स्पॅनिशमध्ये ‘सू’ हा एकच शब्द. त्यामुळे "मारिया अँड हिज ब्रदर" असं निघतं, कधी भाऊ पुरुष म्हणून ‘हिज’, कधी नुसताच गोंधळ. मराठीत ‘तिचा भाऊ’ म्हणताना ‘ति’ मालकिणीकडे बघतो आणि ‘चा’ भावाकडे. इंग्रजीनं पहिला भाग ठेवला, दुसरा टाकला. घरच्या फोटोवर बोट ठेवून नाती सांगायला लावणं, याला पर्याय नाही.

काळ: तीनच जागा धरा

व्याकरणाच्या पुस्तकात बारा काळ असतात, कामावर जाणाऱ्या माणसाला पहिल्या वर्षी तेवढे लागत नाहीत.

पहिली जागा, उद्याचं बोलणं. "ते यामो मान्याना", तुला उद्या फोन करतो. आपणही वर्तमानकाळच वापरतो. इंग्रजीत "आय विल कॉल यू टुमॉरो". दुसरी, किती दिवसांपासून. "बीबो आकी देस्दे आसे सिंको आन्योस", मी पाच वर्षांपासून इथे राहतो. दोन्ही भाषांत वर्तमानकाळ, आणि म्हणून दोघांचीही तीच चूक, "आय लिव्ह हिअर सिन्स फाइव्ह इयर्स". शिकवण्याआधी स्वतः दहा वाक्यं लिहून तपासा. कालावधी असेल तर ‘फॉर’, सुरुवातीचा क्षण असेल तर ‘सिन्स’: "आय हॅव लिव्हड हिअर फॉर फाइव्ह इयर्स", "सिन्स २०१९". तिसरी, पूर्वीची सवय. "त्राबाखाबा एन एल काम्पो" म्हणजे ‘शेतात काम करायचो’. आपला ‘करायचो’ आणि त्यांचं हे रूप, अर्थ अगदी एक. इंग्रजीत "आय यूज्ड टू वर्क". हे शिकवलं की माणसं गावाकडचं बोलायला लागतात, तास संपला तरी उठत नाहीत.

तू यावंस

"किएरो के बेंगास." ‘तू यावंस असं मला वाटतं.’ स्पॅनिशमध्ये इच्छा व्यक्त करताना क्रियापदाचं रूप बदलतं, मराठीत ‘यावंस’ होतं तसं. त्यातून "आय वाँट दॅट यू कम" निघतं. इंग्रजीत माणूस आणि ‘टू’: "आय वाँट यू टु कम", "माय बॉस वाँट्स मी टु स्टे". कामाच्या ठिकाणी रोज लागतं.

‘टू’ इथे हवा, पण ‘कॅन’ आणि ‘मस्ट’नंतर नको, "आय कॅन टु गो" नाही. कशासाठी आलो हे सांगताना स्पॅनिश ‘पारा’मुळे "आय केम फॉर टु वर्क" होतं. आपण ‘काम करायला’ म्हणतो, तेवढंच, "टु वर्क". ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’नंतर मात्र ‘ईटिंग’, ‘वर्किंग’.

शब्दांमागची अव्ययं जोडीनंच पाठ करावी लागतात: मॅरिड टू, डिपेंड ऑन, थिंक अबाउट, ड्रीम अबाउट. स्पॅनिशमध्ये लग्न कुणा‘सोबत’ होतं, स्वप्न कुणा‘सोबत’ पडतं, म्हणून ‘विथ’ येतो. "एक्स्प्लेन मी" तेही म्हणतात, आपणही म्हणतो, हवं ते "एक्स्प्लेन इट टु मी".

इंग्रजी शब्दासारखे दिसणारे पण अर्थ वेगळा असलेले फसवे शब्द थोडेच, पण वेळेवर सांगा. ‘एम्बारासादा’ म्हणजे गरोदर, लाजलेली नव्हे. ‘आक्तुआल्मेंते’ म्हणजे सध्या. ‘कार्पेता’ म्हणजे फाइल, ‘लिब्रेरिया’ म्हणजे पुस्तकांचं दुकान. बदल्यात मिळणारा खजिनाही दाखवा: ‘सिओन’नं संपणारे शेकडो शब्द इंग्रजीत ‘शन’ होतात, नासिओन आणि नेशन, इन्फोर्मासिओन आणि इन्फर्मेशन. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर फ्रेंचच्या वाटेनं लॅटिन कुळातले शब्द इंग्रजीत भरले, त्याचा हा फायदा. सरकारी फॉर्म त्यांना कधीकधी साध्या गप्पांपेक्षा लवकर वाचता येतो तो यामुळे.

चूक कशी दुरुस्त करायची

एका वेळी एकच, आणि ज्या पायरीवर आहोत तीच. ‘डू’च्या आठवड्यात ‘द’ चुकला तर जाऊ द्यावा. माणूस बोलत असताना मधे तोडू नये. त्यांच्यात शिक्षकाला मान देऊन ‘टीचर’ किंवा ‘माएस्त्रा’ म्हणतात, आपल्याकडच्या ‘बाईं’सारखं, आणि बाईंनी चारचौघांत टोकलं की पुढचा आठवडाभर माणूस गप्प बसतो.

मी बोटांच्या खुणा ठरवल्या आहेत. अंगठा वर म्हणजे कर्ता राहिला. करंगळी म्हणजे शेवटचा ‘स’. दोन बोटं मागे वळवली की भूतकाळ. मूठ म्हणजे ‘द’ काढा. आवाज न करता बोट दाखवायचं आणि थांबायचं, वाक्य त्यानंच परत बोलायचं. थांबणं कठीण असतं, मनात पाचपर्यंत मोजा. पेरूचा एक सुतार सुरुवातीला माझं बोट बघून हसायचा आणि वाक्य अर्धवट सोडायचा. आता तो बोलता बोलता स्वतःच करंगळी उचलतो, मागे जातो, "माय वाइफ वर्क्स" म्हणतो आणि पुढचं सांगायला लागतो.